मोफत व्हीपीएन टाकण्यापूर्वी

महोदय,

अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी लॉजचे वाय-फाय वापरताना मोबाइलमध्ये एखादे मोफत व्हीपीएन (आपली इंटरनेट जोडणी कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणारी, करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारे अॅप) टाकावे, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो धोक्याचा आहे. व्हीपीएनमुळे आपण काय उघडतो ते लॉजवाल्याला दिसत नाही, पण व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. बँकेचे अॅप स्वतःच कूटबद्ध जोडणी वापरते. तेवढ्यासाठी व्हीपीएन लागतच नाही.

'होला' ही मोफत व्हीपीएन सेवा ग्राहकांचेच इंटरनेट तिसऱ्यांना विकते, हे २०१५ मध्ये चव्हाट्यावर आले. म्हणजे उद्योग कुणाचा आणि आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) तुमचा! फेसबुकचे 'ओनाव्हो' हे व्हीपीएन अॅप तर लोक कोणती अॅप वापरतात याची टेहळणीच करत होते. 'आम्ही ग्राहकांच्या वापराच्या नोंदी ठेवत नाही' म्हणणाऱ्या 'यूएफओ व्हीपीएन'च्या नोंदी २०२० मध्ये उघड्या सर्व्हरवर सापडल्या. त्यामुळे जाहिरात बाजूला ठेवून कंपनी कुणाची, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी झाली का आणि तिचा अहवाल वाचायला मिळतो का, एवढे पाहावे. 'मलवाड' ही व्हीपीएन सेवा खाते उघडताना ईमेलसुद्धा मागत नाही, नुसता क्रमांक देते; महिन्याला ५ युरो. फुकटच हवे असेल तर 'प्रोटॉन' व्हीपीएनची मोफत योजना त्यातल्या त्यात बरी. तिला डेटाची मर्यादा नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता व आयपी पत्ते पाच वर्षे जपायचे आहेत. त्यावर एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. अॅपमधल्या देशांच्या यादीत 'भारत' दिसले तरी सर्व्हर परदेशात असू शकतो.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या नावाशेजारच्या चक्रावर दाबून 'नेहमी सुरू' आणि 'व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा' हे दोन्ही पर्याय लावावेत. नाहीतर व्हीपीएनची जोडणी तुटली की फोन गुपचूप उघड्यावर येतो. बॅटरी बचतीतूनही हे अॅप वगळावे. जिओवर आयपीव्ही६ (आयपी पत्त्याचा नवा प्रकार) चालते आणि काही व्हीपीएन फक्त जुन्या प्रकारचा, आयपीव्ही४ पत्ता झाकतात, म्हणून जोडल्यावर आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही प्रकारांत आपला मूळ पत्ता दिसत नाही ना, हे तपासावे. लॉजच्या वाय-फायचे लॉगिन पान उघडत नसेल, तर बहुधा हा 'रोखा'चा पर्याय आडवा येत असतो. तो काढून लॉगिन करावे आणि लगेच पुन्हा लावावा.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर