सेन्सरच्या चिकट थरात काय आहे ते खोक्यावर लिहायला लावा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी टाईप १ डायबेटिस असलेल्या एका मुलीची आई. दंडावर चिकटवायचा, रक्तातली शुगर सतत दाखवणारा जो ग्लुकोज सेन्सर असतो, तो कोणकोणत्या केमिकल्सपासून बनलाय, त्याच्या चिकट थरात काय आहे, हे कंपन्यांनी खोक्यावर लिहिलंच पाहिजे असा नियम तुम्ही करावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. पण ही मागणी का करतेय ते सांगायचं तर थोडी लांबण लागेल, तेवढी सहन करा.

आधीच सांगते, मी सेन्सरच्या विरोधात अजिबात नाही. सेन्सर आल्यापासून आमच्या घरात रात्रीची झोप परत आली. दर काही मिनिटांनी शुगर मोबाईलवर दिसते, बाण वर चाललाय की खाली ते कळतं, ७० च्या खाली जायला लागली की अलार्म वाजतो आणि पोरगी झोपेतच हायपोत जाईल, म्हणजे तिची शुगर धोक्याइतकी खाली जाईल, ही भीती जरा कमी होते. ज्यांच्याकडे इन्सुलिन देणारे नवे पंप आहेत त्यांचा पंप तर सेन्सरचा आकडा बघूनच इन्सुलिन कमी-जास्त करतो, म्हणजे सेन्सर काढावा लागला की ते सगळं ऑटोमॅटिक काम बंद. म्हणून तर जीव तुटतो, की इतकी चांगली गोष्ट आणि ती वापरता येऊ नये कशामुळे, तर गोंदामुळे.

आमच्याकडे पहिले काही महिने काहीच झालं नाही. मग हळूहळू खाज सुरू झाली, सेन्सर काढला की बरोब्बर त्याच्याच मापाचा लाल चट्टा, पुढे पुढे त्यावर बारीक फोड आणि त्यातून पाणी, आणि बरं झाल्यावर काळपट डाग. दुसऱ्या दंडावर लावला तर तिथेही तेच, आणि तोपर्यंत पहिला दंड सुकलेलाच नसतो. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं, जागा नीट पुसा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, जागा बदलत राहा. सगळं करत होतो हो आम्ही. आमचा सेन्सर कोणत्या कंपनीचा ते इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीये.

मंत्रिमहोदय, इथे एक फरक समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच होतो. घामाने, घासून, पट्टी ओढून काढल्याने स्किन लाल होते ती वेगळी गोष्ट, ती कोणालाही होऊ शकते आणि एक-दोन दिवसांत निवते. ॲलर्जी वेगळी. ती उशिरा उठणारी ॲलर्जी असते, म्हणजे शरीर आधी त्या केमिकलला ओळखायला शिकतं, त्याला आठवडे लागतात नाहीतर महिने, आणि एकदा शिकलं की शक्यतो जन्मभर विसरत नाही. मग तेच केमिकल अगदी थोडं जरी लागलं तरी एक-दोन दिवसांत तिथे पुरळ उठतं. म्हणून "इतके महिने तर चाललं, मग आता ॲलर्जी कशी?" हा प्रश्न जो सगळे विचारतात त्याचं उत्तर हेच, की इतके महिने चाललं म्हणूनच झाली. एकेक सेन्सर १० ते १५ दिवस चोवीस तास अंगाला चिकटलेला, वर घाम, हवा नाही, आणि तो काढला की लगेच पुढचा. एवढा वेळ अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्तू फार कमी असतात. आणि साधी ॲलर्जीची गोळी यात फारसं काही करत नाही, कारण ही ॲलर्जी त्या जातीचीच नाही.

आता ही केमिकल्स कुठून येतात? सेन्सरचे प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना जोडायला आणि चिकट थरात बऱ्याचदा ॲक्रिलेट गटातली केमिकल्स वापरतात. ती पूर्ण पक्की झाली, म्हणजे त्यांची लांब साखळी बनली, की सहसा त्रास देत नाहीत. पण थोडी कच्ची राहतात, ती हळूहळू पाझरत चिकट पट्टीतून स्किनपर्यंत पोचतात. म्हणजे दोष नेहमी पट्टीतल्या डिंकाचाच असतो असंही नाही, वरच्या डबीतलं केमिकलही खाली उतरतं. हे आईबापांना तर सोडाच, कितीतरी डॉक्टरांनाही माहीत नसतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव आयसोबॉर्निल ॲक्रिलेट. २०१७ मध्ये युरोपातल्या स्किनच्या डॉक्टरांनी फ्रीस्टाईल लिब्रे नावाचा सेन्सर वापरणाऱ्या पेशंटमध्ये या केमिकलची ॲलर्जी दाखवून दिली. ती कशी दाखवली हे वाचून मला खरंच राग आला होता. खोक्यावर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे सेन्सर उघडून त्यातलं केमिकल लॅबमध्ये मशीन लावून शोधून काढावं लागलं. बनवणाऱ्याला जे पहिल्या दिवसापासून माहीत असणार ते डॉक्टरांनी एखाद्या गुन्ह्याचा तपास करावा तसं हुडकायचं. आणि हे केमिकल काही नवीन नव्हतं, इन्सुलिन पंपाच्या सुईच्या सेटमधल्या गोंदात त्याची ॲलर्जी १९९५ मध्येच डॉक्टरांनी छापून आणली होती. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ ते कागदावर होतं आणि तरी डायबेटिसच्याच पेशंटच्या अंगाला ते परत चिकटवलं गेलं. २०२० साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने, म्हणजे अशा स्किनच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने, त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' (ॲलर्जी करणारा पदार्थ) म्हणून जाहीर केलं तेव्हा कुठे जरा सगळीकडे चर्चा झाली.

आणि तेवढं एकच असतं तरी बरं होतं. डायमिथाइल ॲक्रिलामाइड सापडलं, काहींमध्ये सायनोॲक्रिलेट निघालं, राळेपासून बनणारं कोलोफोनी आहेच. २०२० च्या सुमारास एका प्रसिद्ध सेन्सरचा चिकट थर बदलला, नाव तेच आणि सेन्सर तोच, आणि ज्यांना आधी काही होत नव्हतं त्यांना एकदम पुरळ यायला लागलं. पुन्हा डॉक्टरांनीच शोधलं आणि नवीनच केमिकल निघालं. घरातली माणसं तेव्हा स्वतःलाच दोष देत बसतात, साबण बदलला का, क्रीम चुकलं का, पोरं खाजवतात का. ज्याने थर बदलला त्याने एका ओळीत सांगितलं असतं तर?

खोक्यावर यादी नसली की पुढे काय होतं तेही बघा. स्किनचे डॉक्टर पॅच टेस्ट करतात, म्हणजे वेगवेगळी केमिकल्स पाठीवर पट्टीने लावायची, दोन दिवसांनी पट्टी काढून बघायचं, परत चार दिवसांनी, आणि जमलं तर सात दिवसांनी. पण नेहमीच्या सेटमध्ये ही सेन्सरवाली केमिकल्स असतीलच असं नाही, आणि काय टेस्ट करायचं हेच माहीत नसेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस त्याच सेन्सरकडे परत जातो. ॲलर्जी पक्की कळलीच तरी पुढचा प्रश्न, की मग कोणता सेन्सर चालेल? कोण सांगणार? एक लावून बघायचा, अंग भाजून घ्यायचं, मग दुसरा लावून बघायचा. आणि दरवेळी आणखी एखादं केमिकल शरीराने ओळखून ठेवायची शक्यता. ॲक्रिलेट गटातली केमिकल्स नखांच्या जेलमध्ये असतात, दातांच्या फिलिंगमध्ये असतात, हाडांच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्ये असतात. त्यातलं एक नडलं म्हणजे सगळीच नडतात असं नाही, पण नेमकं कोणतं नडतंय हे कळलं तरच पुढे डेंटिस्टला सांगता येईल ना.

तोपर्यंत लोक काय काय करतात ते ऐकाल तर वाईट वाटेल. सेन्सरखाली जखमेवर लावायची जाड हायड्रोकोलॉइड पट्टी लावतात. पण सेन्सरची स्किनच्या आत जाणारी तार असते जेमतेम पाच मिलिमीटरच्या आसपास, खाली जाड थर आला की ती आत कमी जाते आणि मग आकड्यावर भरवसा ठेवायचा की नाही कळत नाही. कोणी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे स्किनवर मारून वाळवतात, कारण मलम लावलं तर सेन्सर चिकटतच नाही. ॲलर्जीवर स्टेरॉइड चालतो हे खरं, पण लहान मुलाच्या त्याच दोन जागांवर वर्षानुवर्षं मारत राहायचा का? स्किन पातळ होते त्याने. हे सगळं लोक एकमेकांना विचारून करतात, कारण विचारायला दुसरं कोणीच नाही. आणि शेवटी काहीजण कंटाळून सेन्सरच सोडतात, परत बोट टोचणं आणि रात्री तीनचा अलार्म लावून उठणं. डॉक्टरांच्या कागदावर मात्र "सेन्सर नको म्हणतात" एवढंच.

अनेक देशांत साध्या शाम्पूच्या बाटलीवर आतली सगळी केमिकल्स छापावी लागतात, जो शाम्पू दोन मिनिटांत धुऊन जातो. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या मेडिकल डिव्हाइसच्या कायद्यातही कॅन्सर किंवा हार्मोन्सच्या दृष्टीने धोक्याच्या केमिकल्ससाठी लेबलचा नियम आहे, पण ॲलर्जी करणाऱ्या केमिकल्सची पूर्ण यादी द्या असं तिथेही नाही. कंपन्या म्हणतील आमचं ट्रेड सिक्रेट आहे. आम्हाला रेसिपी नकोच आहे, किती टक्के आणि कसं बनवता ते ठेवा तुमच्याकडे. फक्त नावं द्या. शाम्पूवाल्यांना नावं छापून धंदा करता येतो तर यांना का येऊ नये?

म्हणून मागणी अशी, की अंगाला दिवसेंदिवस चिकटून राहणारं जे जे डिव्हाइस आहे, सेन्सर असो की पंपाचा सेट, त्यातल्या चिकट थराची आणि जोडणीच्या गोंदाची पूर्ण यादी खोक्यावर आणि वेबसाइटवर असावी, थर किंवा गोंद बदलला तर विक्रीला येण्याआधी जाहीर करावं आणि खोक्यावर तसं ठळक लिहावं, आणि पॅच टेस्टसाठी डॉक्टरांनी मागितल्यावर ते केमिकल कंपनीने द्यावं. शिवाय रॅशची तक्रार नोंदवायला पेशंटला स्वतः भरता येईल असा साधा फॉर्म हवा, फोटो आणि खोक्यावरचा लॉट नंबर (कोणत्या खेपेचा माल ते सांगणारा) टाकायची सोय असलेला. आत्ता तक्रारींची जी सिस्टिम असते ती मुख्यतः गंभीर इजा किंवा मृत्यू डोळ्यासमोर ठेवून केलेली, तिच्यात रॅशला कोण विचारतं, आणि नोंदच नाही म्हटल्यावर कंपनी म्हणणारच की असे पेशंट फार थोडे आहेत.

यासाठी नवीन संशोधन नको, नवीन हॉस्पिटल नको, माहिती कंपन्यांच्या फाइलमध्ये आजही पडलेली आहे. ती मागवण्याचा अधिकार तुमच्या खात्याला आहे, आम्हाला नाही. या पत्राला उत्तर द्याल तेव्हा सेन्सर किती उपयोगी आहे ते सांगू नका, ते आम्हाला माहीत आहे. यादी मागवणार का आणि कधीपर्यंत, तेवढं कळवा.

आपली,
टाईप १ डायबेटिस असलेल्या एका मुलीची आई