कार-टी कक्षातील सिस्टरांना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून साकारलेल्या स्वदेशी कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढण्यासाठी पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचाराला) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हापासून बाबांच्या लिम्फोमासाठी (लसिका संस्थेच्या कर्करोगासाठी) आम्ही याच प्रकारच्या उपचाराची आशा धरून होतो. मात्र या पेशी शरीरात सोडल्यावर काही दिवसांनी रुग्णाला शब्दही सुचेनासे होऊ शकतात, हे संमतिपत्रावर सही करूनही आमच्या ध्यानात आले नव्हते.

तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ बाबांना वर्ष, महिना, शहर आणि रुग्णालयाचे नाव विचारत होतात, पेन, घड्याळ व बटण ओळखायला लावत होतात, डोळे मिटायला आणि शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजायला सांगत होतात, आणि शेवटी वहीत एक वाक्य लिहून घेत होतात: ‘आमच्या अंगणात पारिजातक आहे.’ आम्हाला तो निव्वळ विरंगुळा वाटे. सहाव्या दिवशी सकाळी त्या वाक्याची शिरोरेषा तुटली, अक्षरे ओळ सोडून वर चढली. बाबा नीट बोलत होते, तरीही तुम्ही लगेच डॉक्टरांना बोलावलेत. संध्याकाळी या प्रश्नांच्या चाचणीत दहापैकी पाचच गुण उरले होते. घड्याळाकडे बोट दाखवून ते नुसते ‘ते... ते...’ म्हणत होते.

हा पक्षाघात आहे की कर्करोग मेंदूत गेला, या विचाराने मी हादरले होते. ती शक्यता तपासण्यांनी पडताळली जात असतानाच तुम्ही माझ्याजवळ बसून सांगितलेत की, कर्करोगाशी लढणाऱ्या पेशी चेतल्या की रक्तात सायटोकाइन (दाह वाढवणारी प्रथिने) वाढतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे संरक्षक अस्तर सैल होते आणि दाह मेंदूपर्यंत पोहोचतो. वेळीच लक्षात आल्यास बहुतेक रुग्ण यातून बरे होतात. आधीच्या तापाला उतार देणारे टोसिलिझुमॅबच पुन्हा का देत नाहीत, असे मी काहीशा रागानेच विचारले. ते औषध मेंदूत फारसे पोहोचत नाही, म्हणून आता डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, हे तुम्ही न चिडता समजावलेत. त्या रात्री घाबरण्याऐवजी काय पाहायचे, हे मला कळले.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाबांनी पारिजातकाचे वाक्य सलग शिरोरेषेसह लिहिले. इतर नातेवाइकांना दाखवण्यासाठी तुम्ही मागितलेली ती वही पुढच्या तपासणीला येताना घेऊन येत आहे; बाबांना ती स्वतः तुमच्या हाती द्यायची आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी