रक्त पातळ करणारी गोळी आणि चिठ्ठीविना वेदनाशामके

महोदय,

हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआर हा रक्त गोठण्यास किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा झडपेच्या प्रकारानुसार साधारण २ ते ३.५ च्या दरम्यान राहतो की नाही, हे वेळोवेळी तपासावे लागते. गुडघा दुखू लागला की ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणण्याची आपली सवय अशा रुग्णांच्या जिवावर बेतू शकते, कारण या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींचे कामही मंदावतात. कमरेत घेतलेल्या साध्या इंजेक्शननेही स्नायूत रक्त साकळू शकते. डांबरासारखी काळी शौच किंवा लालसर लघवी झाल्यास, तसेच डोक्याला मार लागल्यास (दुखत नसले तरीही) विनाविलंब रुग्णालय गाठावे.

दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करणेही तितकेच घातक आहे, कारण झडपेवर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. आयएनआर आटोक्यात असल्यास बहुधा गोळी न थांबवताच दात काढता येतो. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाने या गोळीचा परिणाम कमी होतो, पण म्हणून त्या सोडायच्या नसतात, त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवायचे असते.

औषध विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की वेदनाशामक हातात देण्यापूर्वी ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. आणि शासनाने आयएनआर तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नियमित उपलब्ध ठेवावी.

– एक वाचक, कराड