गच्चीवर हवेचे सेन्सर बसवायचेत, कोपरखैरणेकरांनो हातभार लावा

नमस्कार मंडळी,

रात्री उशिरा एमआयडीसीकडून वारा सुटला की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, खिडक्या गच्च लावून झोपायचं आणि सकाळी ग्रिलवर बोट फिरवलं की काळं. तक्रार केली की समोरून एकच प्रश्न, पुरावा काय? आणि मोबाईलवर बघावं तर एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) 'मध्यम'!

आता तो आकडा खोटा नाहीये, हिशोबच तसा आहे. आपल्याकडच्या एक्यूआयमध्ये धूळ २४ तासांच्या सरासरीवर धरतात, त्यामुळे रात्रीचे चार-पाच तास कितीही घाण असले तरी दुपारी खाडीचा वारा आला की सरासरी खाली येते. महापे, नेरुळला सरकारी स्टेशनं आहेत, पण आपल्या गल्लीतली रात्र त्यात कशी दिसणार? पीएम २.५ ची, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणाऱ्या अतिबारीक धुळीची, आपली २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना म्हणते १५, म्हणजे आधीच सूट भरपूर आहे, निदान तासातासाचं खरं चित्र तरी लोकांसमोर येऊ दे.

म्हणून रहिवासी संघातर्फे चार-पाच बिल्डिंगच्या गच्चीवर छोटे सेन्सर बसवायचं ठरलंय. हे सेन्सर लेझरने धूळ मोजतात, हवा दमट असली की जास्त दाखवतात, म्हणून आधी ते सरकारी स्टेशनच्या जवळ ठेवून आकडे ताडून बघणार, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये आपल्याला उडवून लावतील. रोजचे आकडे गेटच्या फळ्यावर लिहायचे. केमिकलचा वास मात्र यात पकडला जात नाही, त्यासाठी वही ठेवायची, वेळ, वारा कुठून, वास कसला (सडक्या अंड्यासारखा की थिनरसारखा), तेवढं ज्याला जाग येईल त्याने लिहायचं.

पैसे तर हवेतच, शंभर रुपये दिलेत तरी चालतील, पावती मिळेल आणि खर्च त्याच फळ्यावर लागेल. पण त्याहून जास्त अडलंय ते गच्चीवर प्लग पॉइंट, वायफाय आणि सोसायटी कमिटीच्या परवानगीवर. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं-मुली असतील तर प्लीज पाठवा. ज्यांच्या घरी दम्याचा पेशंट आहे त्यांनी तर वहीसाठी नाव द्याच, रात्री सगळ्यात आधी तुम्हालाच कळतं.

रविवारी सकाळी गार्डनच्या गेटपाशी टेबल लावतोय, गच्चीची चावी ज्यांच्याकडे असते त्या सेक्रेटरींना सोबत घेऊन या.