कोसॅक म्हणजे कझाक नव्हेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील, रशियातल्या डॉन नदीकाठच्या व्योशेन्स्काया या गावावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. मथळ्यातच 'कझाकांच्या गावी' असे आहे. कझाक हे मध्य आशियातले, तुर्की कुळातली भाषा बोलणारे. दोनकाठचे कोसॅक रशियन बोलणारे, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि झारच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन जाणारे शेतकरी, म्हणजे आपल्याकडचे शिलेदारच. दोन्ही नावांचे मूळ एक असले तरी माणसे वेगळी आहेत. पुढे 'शांत दोन'कार कादंबरीकार शोलोखोव्ह 'याच गावात जन्मले' असे ठोकून दिले आहे. ते १९०५ साली क्रुझिलिन या वाडीत जन्मले. स्तानित्सा म्हणजे मोठे गाव आणि खुतोर म्हणजे त्याखालच्या वाड्या, हा फरक निदान कोकणातल्या वाचकाला समजावून सांगावा लागला नसता.

हेही मी सोडून दिले असते. पण काही वर्षांपूर्वी याच विषयावरच्या माझ्या पत्रात मी रशियन उच्चाराप्रमाणे 'दोन नदीच्या काठी' असे लिहिले होते. आपल्या मुद्रितशोधकांनी माझे व्याकरण सुधारून 'दोन नद्यांच्या काठी' असे छापले आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी आठवडाभर मला दुसऱ्या नदीचे नाव विचारत राहिली. खुलासा पाठवला, तो छापला गेला नाही. या वेळी लेखकाने 'डॉन' लिहिल्याने नदी एकच राहिली, एवढे समाधान.

खरा राग मात्र निराळा आहे. लेखात 'शांत दोन'मधल्या ग्रिगोरी-अक्सिन्या या नायक-नायिकेचे शिल्प आहे, राहत्या घराच्या आवारातली शोलोखोव्ह यांची समाधी आहे, १९६५ चे नोबेल आहे, १९१९ नाही! त्या मार्चमध्ये याच परिसरातले कोसॅक बोल्शेविकांच्या गोळीबाराला आणि जप्त्यांना कंटाळून उठले, आणि त्या उठावावाचून 'शांत दोन' ही कादंबरी उभीच राहत नाही. उठावात डिव्हिजनचे नेतृत्व करणाऱ्या खार्लाम्पी येर्माकोव्हच्या आयुष्यावरून ग्रिगोरी घडला. एप्रिल १९२६ मध्ये शोलोखोव्ह यांनी त्याला पत्र पाठवून १९१९ च्या काळाची माहिती विचारली. जून १९२७ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली आणि कादंबरी छापायला सुरुवात झाली ती जानेवारी १९२८ मध्ये. ते पत्र पुढे सापडले येर्माकोव्हवरील खटल्याच्या कागदपत्रांत. यातले काहीही आपल्या लेखकाला सांगावेसे वाटले नाही. तिथल्या माशांच्या सुपाला मात्र अकरा ओळी मिळाल्या आहेत, मी मोजल्या.

गेल्या महिन्यापासून वाचकांच्या पत्रांची जागा अर्ध्यावर आणून तिथे सराफाची जाहिरात येते, तेव्हा हे पत्र छापताना कात्री लागणार हे गृहीत धरतो. सूप कापावे, येर्माकोव्ह ठेवावा. आणि वर 'दोनकाठचे' असे लिहिले आहे, ते कृपया तसेच असू द्यावे.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार, सोलापूर