आई-बाबा, गॅस गिझर बाथरूममधून बाहेर काढायचाय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

थंड वारा येतो म्हणून बाथरूमच्या व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावलाय, असं आई फोनवर सहज बोलून गेली. बाबा, तो पुठ्ठा आधी काढा, मग पुढचं वाचा.

आपला गिझर मिनिटाला 6 लिटर पाणी तापवतो. त्यासाठी तो साधारण 12 किलोवॉटचा जाळ करतो आणि मिनिटाला जवळजवळ 200 लिटर हवा खातो. बाथरूम 4 बाय 6 फुटांचं, उंची 8 फूट, म्हणजे आत हवा साडेपाच हजार लिटरच्या आत. दार-झरोका बंद करून पंधरा मिनिटं गिझर चालला तर निम्म्याहून जास्त हवा त्याच्या पोटात जाते. शिवाय आपल्या गिझरला चिमणी नाही, वर नुसत्या फटी आहेत. म्हणजे जळून उरलेलं सगळं तुमच्याच डोक्यावर साठतं. अमेरिकेतल्या गॅसच्या नियमांत एक जुना हिशेब आहे: घरातल्याच हवेवर उपकरण चालवायचं तर दर किलोवॉटला सुमारे 4.8 घनमीटर जागा हवी. आपल्या गिझरला ती 16 बाय 16 फुटांच्या खोलीइतकी होते. तीही चिमणी असलेल्या उपकरणासाठी!

ऑक्सिजन कमी पडला की जाळ लगेच विझत नाही, पाणीही गरमच येत राहतं. फक्त गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं, आणि तोवर कडी काढायचंही सुचत नाही. बाबा, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला याची थोडी मात्राही बाधते, म्हणून हे तुम्हाला जास्त बजावतेय.

गिझर मागच्या गॅलरीत न्यायचा, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याची नळी यायची. पण गॅलरीला तुम्ही सरकत्या काचा बसवल्यात. काचा लावल्या की ती गॅलरी राहत नाही, छोटी खोली होते. म्हणून तिथे चिमणीवाला गिझर लागेल आणि बाहेरच्या भिंतीत दोन झरोके: एक छतापासून 30 सेंमीच्या आत, दुसरा जमिनीपासून 30 सेंमीच्या आत. प्रत्येकात दर किलोवॉटला किमान साडेपाच चौरस सेंमी मोकळी जागा हवी, म्हणजे आपल्याला 66. हे झरोक्याचं माप नव्हे, त्यातल्या मोकळ्या जागेचं आहे. धातूच्या पट्ट्या असतील तर साधारण पाऊण भाग मोकळा धरतात, लाकडी असतील तर जेमतेम पाव. लाकडी पट्ट्या लावल्या तर झरोका 16 बाय 16 सेंमीपेक्षा मोठाच ठेवावा लागेल. डासांची बारीक जाळी मात्र नको. धुळीने ती कधी बुजली ते कळतही नाही. खालचा झरोका आणखी एका कामाचा: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशीच साचतो.

चिमणीची नळी धातूची हवी, पीव्हीसीची चालणार नाही. गिझरच्या तोंडाला जो व्यास आहे तोच शेवटपर्यंत. मध्ये बारीक नळी जोडली की धूर मागे येतो. गिझरवरून पहिले 30 सेंमी तरी नळी सरळ उभी जाऊ द्या, त्यानंतरच कोपर. आडव्या भागाला बाहेरच्या टोकाकडे वर जाणारा चढ, मीटरला 2 सेंमी. टोकाला टोपी, आणि टोक कुठल्याही खिडकीखाली नको. (बाहेरूनच हवा घेणारा, नळीत नळी असलेला बंदिस्त गिझर मिळाला तर उत्तम, त्याच्या नळीचा उतार मात्र कंपनीच्या कागदाप्रमाणेच.)

एक्झॉस्ट फॅन आहे की, असं बाबा म्हणणार. बंद घरात तोच घात करतो. फॅन आणि स्वयंपाकघरातली चिमणी हवा बाहेर फेकतात, तिची जागा भरायला हवा कुठून तरी ओढली जाते, आणि सोपी वाट म्हणजे गिझरची नळी. जळलेला वायू उलटा घरात येतो. म्हणून नवा गिझर बसला की फिटरला जाऊ देण्याआधी ही परीक्षा घ्या: सगळ्या खिडक्या-दारं बंद, फॅन आणि स्वयंपाकघरातली चिमणी चालू, गिझर पाच मिनिटं पेटता. मग नळीखालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर लोटला गेला तर गिझर लगेच बंद.

तोवर आंघोळ बादलीनेच. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, 20 लिटरला साडेतीन मिनिटं पुरतात. मग गिझर आणि रेग्युलेटर बंद करा, आणि नंतरच आत जा. कडी लावू नका, दार नुसतं लोटा. वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो यावर विसंबू नका, तो टायमर हवा मोजत नाही. ज्योत पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली तर गिझर वापरायचाच नाही. निळी असली म्हणजे सगळं ठीक, असंही नव्हे. वर्षातून एकदा बर्नर आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्या साफ करून घ्याच. त्या बुजल्या की धुराची वाटच अडते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी पाठवतेय. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. मी पाठवतेय तो अलार्म वाफेत बिघडतो, म्हणून बाथरूमच्या आत नको, बाहेरच्या पॅसेजमध्ये लावा. मागे बदलायची तारीख छापलेली असते.

आंघोळीनंतर डोकं दुखलं, गरगरलं, किंवा दोघांनाही एकदमच बरं वाटेना, तर पित्त, बीपी म्हणत बसू नका. गॅस बंद करून मोकळ्या हवेत या, आणि डॉक्टरांना गिझर चालू होता हे आधी सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात 98 दाखवतं आणि फसवतं. त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही.

फिटर आला की मला फोन लावून द्या, मापं मीच सांगते.

तुमची,
लेक