मनी प्लांटची बाटली फेकू नका, तिचं तोंड बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की दरवर्षी आपल्या पेपरात डेंग्यूची बातमी येते आणि तिच्याखाली ती सूचनांची चौकट, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, करवंट्या आणि मनी प्लांटच्या बाटल्या, सगळ्यातलं पाणी ओतून टाका. सूचना बरोबरच आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही, पण तिचं पुढे काय होतं ते सांगते. पालिकेचे लोक टॉर्च घेऊन येणार असले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडतो, मग घराघरातल्या बाटल्या भराभर बेसिनमध्ये रिकाम्या होतात, चांगला हातभर वाढलेला वेल ओल्या कचऱ्यात जातो आणि दिवाळीची साफसफाई झाली की त्याच बायका (पुरुषसुद्धा, उगाच बायकांना कशाला नावं ठेवा) माझ्याकडे फांदी मागायला हजर. म्हणून म्हटलं एकदा लिहावंच. पाण्यात झाड वाढवणं बंद करायची काहीच गरज नाही, नीट केलं तर त्यात डास होत नाहीत आणि मातीच्या कुंडीपेक्षा कामही कमी पडतं.

आधी डासाचं बघू. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवून. ही अंडी वाळली तरी कित्येक महिने टिकतात आणि परत पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे बाटलीतलं पाणी नुसतं बदलून लोक निर्धास्त होतात ना, त्याला फारसा अर्थ नाही, बाटली आतून ब्रशने घासायला लागते. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा तो कोरडा दिवस पाळायला सांगतात. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही हां, 2001 साली चीनहून पाण्यात उभे करून पाठवलेल्या लकी बांबूंबरोबर एशियन टायगर नावाचा डास थेट कॅलिफोर्नियात जाऊन उतरला होता. म्हणजे सगळा घोळ उघड्या पाण्याचा, झाडाचा त्यात काही दोष नाही.

आता उपाय. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी नावाच्या शास्त्रज्ञांनी पंप नाही, वीज नाही अशी पद्धत मांडली, मुख्यतः लेट्यूससारख्या भाज्यांसाठी, पण घरातल्या वेलांना तीच थोडी बदलून छान चालते. भांडं बंद, वरच्या भोकातून रोप आत सोडलेलं, आत खतपाणी. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वरची मुळं मोकळ्या ओलसर हवेत येतात. काचेची बरणी घेऊन बघा, वरच्या भागातली मुळं बारीक फाटे फुटलेली, लव असल्यासारखी दिसतात आणि पाण्यातली गुळगुळीत लांब. वरची हवा घेतात, खालची पाणी. पाण्यात मुळात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम आणि 30 अंशाला साडेसातच्या आसपास, म्हणून मे महिन्यात गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतली मुळं काळी पडून वास मारायला लागतात. तेव्हा पाणी कमी झालं की परत काठोकाठ भरायचं नाही, हवेत आलेली मुळं बुडतात आणि झाड रुसतं. अर्ध्याच्या जरा खालपर्यंत भरलं की पुरे, लोक नेमके इथेच प्रेमाने जास्त ओततात.

तोंड बंद करायला गाद्यांच्या दुकानातला फोमचा तुकडा घ्या, मधे चीर द्या, दांडा त्यात बसवा आणि तो बरणीच्या तोंडात घट्ट दाबा. डास आत जाणार नाही एवढंच बघायचं, फट राहिली तर सगळं मुसळ केरात. बाहेरून बरणीला काळा कागद नाहीतर जुना मोजा चढवा, कारण उजेड आणि खत एकत्र आलं की दोन आठवड्यांत शेवाळ येतं. मोजा खाली ओढला की पाणी किती आहे तेही दिसतं, रंग लावलेल्या बाटलीत ही सोय नाही.

झाडं कुठली तर मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनिमा, स्पायडर प्लांट. फांदी पेराच्या (पान जिथे दांड्याला फुटतं त्या गाठीच्या) खाली कापायची, मूळ पेरातूनच फुटतं, नुसतं देठासकट पान ठेवलं तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील पण त्याचा वेल होणार नाही. कुंडीतलं झाड उपटून पाण्यात घालणार असाल तर मुळांची माती पार धुऊन काढा आणि थोडी पानं पिवळी पडतील ती पडू देत, जुनी मुळं सडून नवी येईपर्यंत तसं होतंच. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर मात्र वर टांगा, मनी प्लांटचं पान चावलं तर तोंडाची आग होते.

खताबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे गडबड फार होते. नुसत्या नळाच्या पाण्यावर मनी प्लांट जगतो पण पानं लहान लहान होत जातात, मग लोक कृषी सेवा केंद्रातून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) आणून चिमूटभर टाकतात. शेतात ते खत चांगलंच आहे, पण त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरियाचं मुळांना पटकन घेता येईल असं रूपांतर मातीतले जिवाणू करून देतात, बरणीत ते कुठून येणार. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. त्यापेक्षा हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय झाडं वाढवण्याचं, ए आणि बी असं दोन बाटल्यांचं खत मिळतं ते घ्या, लेबलवरच्या डोसच्या पाव ते अर्धं, घरातल्या कमी उजेडातल्या झाडाला तेवढं भरपूर होतं. दोन बाटल्या का, तर एकात कॅल्शियम नायट्रेट असतं आणि दुसऱ्यात सल्फेट-फॉस्फेट, दोन्ही घट्ट असताना एकत्र ओतले तर पांढरा साका बसतो आणि खत वाया जातं. आधी पाणी, मग ए, ढवळा, मग बी. पाणी गाळायच्या आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी वापरू नका, त्यात क्षार वाढलेले असतात. बोअरच्या जड पाण्याचंही तेच, त्यात पावसाचं पाणी मिसळून घ्या.

क्ले बॉल म्हणजे ते भाजलेल्या मातीचे हलके गोळे, त्यातही हे जमतं आणि दिसायलाही बरं दिसतं. तळाला पाणी, वर कोरडे गोळे, ओल आपोआप चढते. आधी बादलीत खळखळून धुवा आणि ते लाल पाणी सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. वर पांढरी खर साचली की साध्या पाण्याने निथळून घ्यायचं. याचा खरा फायदा गणपतीला गावी जाताना कळतो, दहा-बारा दिवस झाडं शेजाऱ्यांच्या गळ्यात मारावी लागत नाहीत.

मागे एका प्रदर्शनात पंप आणि एलईडीवाला किट विकणारा मुलगा मला पटवत होता की याने घरातली हवा शुद्ध होते. 1989 च्या नासाच्या अभ्यासाचं नाव सगळे घेतात, पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. 2019 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला गेला, तर उघड्या खिडकीइतका परिणाम मिळायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. मग माणसांनी बसायचं कुठे? पालेभाजी घ्यायची असेल आणि घरात ऊन येत नसेल तर तो दिवा कामाचा आहे, मनी प्लांटला नाही. आणि हे परदेशातून आलेलं नवं फॅड आहे असंही कोणी समजू नये, 1946 साली शोल्टो डग्लस नावाच्या संशोधकांनी आपल्याच देशात, बंगालमधल्या कालिम्पाँगला, वाळू-खडीत असे प्रयोग केले होते, तेही स्वस्तात.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा ‘मनी प्लांटच्या बाटल्या रिकाम्या करा’ याच्या पुढे ‘किंवा आतून घासून त्यांचं तोंड घट्ट बंद करा’ एवढे शब्द घाला, आणि पालिकेच्या पत्रकातही ते आले तर फारच बरं. ज्यांना फोमचा तुकडा कापायचाही कंटाळा आहे त्यांनी बाटली खुशाल रिकामी करावी, फक्त फांदी कचऱ्यात टाकू नये, खाली वॉचमनच्या केबिनपाशी ठेवावी, कोणीतरी नेतं.

आपली,
एक नियमित वाचक